लाल चूळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



विळीने बोट कापले की आपण लगेच चिंधी बांधतो. पण दात घासताना रोज चूळ लाल झाली तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून स्वस्थ बसतो. ही लाल चूळ म्हणजे हिरडीने दिलेली पहिली सूचना आहे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

दातांच्या मुळाशी जंतूंचा मऊ, चिकट थर रोज जमतो. तो काढला नाही तर लाळेतील क्षारांनी टणक होतो, तेच कीटण. या जंतूंमुळे हिरडी सुजते व रक्त येते. १९६५ साली प्रसिद्ध झालेला डेन्मार्कमधील एक प्रयोग सांगते. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी मुद्दाम दात घासणे सोडले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासू लागल्यावर आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या. तेव्हा रक्त येते म्हणून घासणे सोडू नये. मऊ ब्रशाने, हलक्या हाताने, दोन्ही वेळा घासावे.

दुर्लक्ष केले तर हिरडी दातापासून सुटते, आतील हाड झिजते, पू येतो आणि दात हलू लागतात. हाच पायोरिया. फारसे दुखत नाही, म्हणूनच फसगत होते. गेलेले हाड बहुधा परत येत नाही. उरलेले मात्र राखता येते.

गरोदरपणी हिरड्या अधिक सुजतात. त्या काळातही दात साफ करून घेण्यास हरकत नाही, मात्र दिवस गेल्याचे डॉक्टरांना सांगावे. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखरही आटोक्यात राहत नाही.

आता थोडे कटू बोलते. मिश्री हे दंतमंजन नव्हे, भाजलेली तंबाखू आहे. तिने हिरडी खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते, आणि तोंडाच्या कर्करोगाचे भय असते ते वेगळेच. सवय असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये. सोडण्यासाठी त्यांची मदत मागावी. त्यात कमीपणा नाही.

उपचार पायरीपायरीने होतात. प्रथम यंत्राने कीटण काढतात. त्याने दात सैल होतात, ही समजूत चुकीची आहे. कीटणाने बुजलेल्या फटी मोकळ्या होतात, म्हणून तसे वाटते. काही दिवस थंड पाणी झोंबते, मग थांबते. आजार खोल असेल तर भूल देऊन हिरडीखालचे मूळ स्वच्छ करतात व काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. तेवढ्याने भागले नाही, तरच हिरडी उघडून आत साफ करतात व टाके घालतात. क्वचित हाडाची भरही घालतात. त्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी हवीच. नुसत्या गोळ्यांनी किंवा मीठ-पाण्याच्या गुळण्यांनी कीटण निघत नाही.

घरातील सर्वांची दुखणी काढून झाल्यावर आपले पाहू, असे आपण म्हणतो, आणि तोवर दात हातात येतो. उद्या सकाळी चूळ टाकताना तिचा रंग एकदा पाहा. लाल दिसली, तर भगिनींनो, या वेळी पहिला नंबर आपला लावा.