नौका ओढण्यास जागा हवी!



आषाढात कोकणातील कोणत्याही खाडीच्या मुखाशी उभे राहिले, तर समुद्रापेक्षा किनाराच अधिक गजबजलेला दिसतो. एरवी लाटांवर असणाऱ्या नौका वाळूवर ओळीने टेकलेल्या असतात. कुणाला दोन्ही अंगांनी लाकडाचे धिरे दिलेले, कुणावर झावळ्यांची, तर कुणावर निळ्या ताडपत्रीची शाकारणी केलेली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस पावसाळ्यात सुमारे दोन महिने, सामान्यतः १ जून ते ३१ जुलै, बंदी असते. या काळात कोळी बांधव विश्रांती घेत असावेत, असा शहरी माणसाचा समज असतो. वस्तुतः वर्षातील अत्यंत जिकिरीचे काम याच दिवसांत उरकायचे असते. नारळी पौर्णिमेला सागरास श्रीफळ अर्पण करून नौका पुन्हा पाण्यात जाते, तो सोहळा सर्वांच्या परिचयाचा आहे; परंतु त्या सोहळ्याआधीचे दोन महिने सहसा कुणाच्या वर्णनात येत नाहीत.

हे काम कोणते? नौका जेवढा काळ पाण्यात राहते, तेवढा काळ तिच्या तळाला कठीण कवचाचे बारीक जीव चिकटत राहतात. त्यामुळे तळ खडबडीत होतो, वेग घटतो आणि डिझेलचा खर्च वाढतो. लाकडाला आतून पोखरणारे सागरी किडे तर याहून घातक. बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि आत तिची चाळण झालेली असते. म्हणून तळ खरवडावा लागतो, कुजलेली फळी काढून नवी बसवावी लागते, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून ते बंद करावे लागतात, पंखा आणि त्याचा दांडा तपासावा लागतो, इंजिन उतरवावे लागते. आता फायबरच्या नौका वाढल्या आहेत. पण तळ खरवडणे, तडे सांधणे आणि रंग देणे त्यांनाही चुकलेले नाही. यांपैकी बहुतेक कामे नौका पाण्यात असताना होऊच शकत नाहीत.

आणि जड नौका पाण्याबाहेर काढणे हे वाटते तितके सोपे नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती साधून ती किनाऱ्यावर शक्य तितकी वर आणायची, पाणी ओसरू लागले की धिरे द्यायचे, मग ओंडके आणि दोरखंड, किंवा जेथे असेल तेथे विंच लावून आणखी वर ओढायची. उधाण हुकले, तर पुढील पंधरवड्याची वाट पाहावी लागते. यासाठी लागणारी भूमीही कोणतीही चालत नाही. उतार सौम्य हवा, तळ कठीण हवा, नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी लाटांपासून आडोसा हवा आणि लाकूड व यंत्रे आणण्यास मागे रस्ता हवा. हे सर्व एकत्र असणाऱ्या जागा प्रत्येक खाडीत मोजक्याच असतात. पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने त्या हेरल्या गेल्या आहेत.

या जागांचे मोल जाणणारी राज्यव्यवस्था याच भूमीत होऊन गेली. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी हाती येताच तेथे नौकाबांधणीस हात घातला. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचा विचार करताना केवळ लढाईचा विचार केलेला नाही. पावसाळ्यापूर्वी आरमार कोणत्या प्रकारच्या बंदरात न्यावे, तेथे संरक्षणास किल्ला कसा हवा, छावणीची जागा दरवर्षी का बदलावी, येथवर त्यात तपशील आहे. एकाच गावावर आरमाराच्या मुक्कामाचा भार पडून रयतेस उपद्रव होऊ नये, ही त्यामागील दृष्टी. डागडुजीची जागा आणि तेथील प्रजा यांचा एकत्र विचार करणारा हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभीचा आहे, हे आजच्या नियोजनकारांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटनच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची गोदी आजही पाहता येते. सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद अशी ही गोदी आंग्र्यांच्या काळापासूनची मानली जाते. किल्ला पाहण्यास हजारो लोक जातात. पण त्या किल्ल्याच्या आरमारास उभे ठेवणाऱ्या गोदीकडे त्यांतील थोडेच वळतात.

मुंबईचा इतिहासही याहून निराळा नाही. सुरतेचे कुशल पारशी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस आले आणि १७५० साली येथे सुकी गोदी उभी राहिली. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक अंतर पडते. भरतीबरोबर जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीबरोबर पाणी सोडून द्यायचे, हे त्यामुळेच शक्य झाले. निसर्गाचे हेच देणे कोळीवाड्यातील होडीला लाभले आणि कंपनी सरकारच्या जहाजालाही. वाडियांच्या घराण्याने १८१७ साली येथे सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. सागवानाचे कौतुक सर्वजण करतात आणि ते योग्यच आहे. मात्र १९९० नंतर दहा वर्षांहून अधिक काळ तिची जी साक्षेपी डागडुजी झाली, ती झाली नसती, तर उत्तम सागवानही तिला तारू शकले नसते. ती डागडुजी करण्यास हार्टलपूलमध्ये जागा शिल्लक होती.

मुंबईत मात्र चित्र बदलत गेले. १८८० सालचा प्रिन्सेस डॉक आणि १८८८ सालचा व्हिक्टोरिया डॉक या दोन्ही गोद्या एकविसाव्या शतकाच्या आरंभी कंटेनरसाठी जागा हवी म्हणून बुजविण्यात आल्या. व्यापाराच्या गरजा बदलतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यानंतर प्रश्न केवळ व्यापाराचा राहिला नाही. पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनीचे काय करावे, यासाठी नेमलेल्या राणी जाधव समितीने २०१४ साली अहवाल दिला. २०१८ साली बंदर न्यासाकडेच त्या भागाच्या नियोजनाचे अधिकार आले आणि सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्राचा आराखडा लोकांपुढे ठेवण्यात आला. उद्याने, किनाऱ्यालगतचे विहारपथ, मरीना, पर्यटन-जहाजांचे टर्मिनल अशी आकर्षक चित्रे त्यानिमित्ताने झळकली. श्वास कोंडलेल्या मुंबईकरास समुद्रकाठी मोकळी जागा मिळावी, ही आकांक्षा रास्तच आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, विहारपथावरून फिरणाऱ्यास समोर जी नौका दिसावी अशी अपेक्षा आहे, ती दुरुस्तीसाठी कोठे ओढायची? मरीनातील श्रीमंतांच्या नौकाही कधीतरी खरवडाव्या लागतातच!

या जागा नकाशावरून पुसल्या जातात, त्यामागे दरवेळी दुष्ट हेतू असतोच असे नाही. पुष्कळदा त्या केवळ दिसत नाहीत. पाहणी करणारा अधिकारी बहुधा डिसेंबरात, कोरड्या हवेत येतो. तेव्हा नौका समुद्रात असतात आणि किनाऱ्यावर उरतात दोन-चार ओंडके, एक गंजलेला विंच आणि जुन्या दोरांची भेंडोळी. कागदावर नोंद होते, ‘रिकामी जागा’. वरळीच्या कोळी बांधवांना समुद्रातील जागेबाबत असाच अनुभव आला. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून त्यांच्या नौकांची वाट जाते. दोन खांबांमधील अंतर साठ मीटर पुरेसे आहे, असे अभियंत्यांचे गणित होते. वारा, लाटा आणि प्रवाह यांच्या मेळात नौका सुरक्षित काढण्यास ते अपुरे आहे, असे कोळ्यांचे म्हणणे होते. दीर्घ आंदोलनानंतर एक गाळा एकशेवीस मीटरचा करण्यात आला. त्यांची मागणी याहून अधिक होती, हेही सांगितले पाहिजे. आराखडा कागदावर असतानाच त्यांना विचारले असते, तर बांधकाम सुरू झाल्यावर रचना बदलण्याची वेळ आली नसती.

असा संघर्ष केवळ भारतातच उद्भवतो असे नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे १७९० साली कालवा पोहोचला. त्याच्या काठी जेरिको भागात कॅसल मिल ही नौका-दुरुस्तीची जागा होती. कालव्यांची व्यवस्था पाहणाऱ्या सार्वजनिक संस्थेनेच, ब्रिटिश वॉटरवेजने, घरबांधणीसाठी ती जागा विकण्याचा निर्णय घेतला. नौकांवर राहणाऱ्या लोकांनी २००५ साली ती ताब्यात घेतली, २००६ साली त्यांना तेथून काढण्यात आले. फिलिप पुलमन यांच्यासारखे ख्यातनाम लेखक त्यांच्या बाजूने उभे राहिले. घरांचे प्रस्ताव पुनःपुन्हा अडले आणि पर्यायी दुरुस्ती-जागेचा मुद्दा त्या वादात सतत अग्रभागी राहिला. ज्या संस्थेने नौकांचे हित पाहावे तिनेच त्यांच्या पायाखालची जमीन काढावी, हा त्या प्रकरणातील विचार करण्याजोगा भाग आहे. कारण बंदराची जमीनही मुळात बंदराच्या कामासाठीच सार्वजनिक संस्थेच्या हाती असते.

खासगी गोदी आहे, तेथे जावे, असा सल्ला अशा वेळी दिला जातो. मोठी गोदी मोठ्या जहाजांसाठी असते. तेथील दर दहा-बारा मीटरच्या नौकेस परवडत नाहीत. शिवाय सार्वजनिक जागेवर मालक, त्याचा मुलगा आणि गावचा सुतार मिळून काम करतात; बाहेरचा खर्च होतो तो लाकूड, रंग आणि इंजिनाच्या भागांचा. जागा गेली की दूरच्या बंदरी नौका न्यावी लागते, डिझेल जाळावे लागते, तेथे वाट पाहावी लागते. मग यंदाची दुरुस्ती पुढील वर्षावर ढकलली जाते. गळकी नौका भर समुद्रात काय करते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. सुतारही कायम राहत नाही. वर्षातून दोन महिनेही काम मिळेनासे झाले, तर तो इमारतींच्या दारे-खिडक्यांकडे वळतो आणि नौकेच्या फळीला बाक देण्याची विद्या त्याच्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

प्रदूषणाचा आक्षेप मात्र गांभीर्याने घेतला पाहिजे. खरवडलेला रंग, जळके तेल, फायबरची भुकटी हे सर्व आज सरळ वाळूत आणि पाण्यात जाते. काही ठिकाणी दुरुस्तीच्या नावाखाली भंगाराचे साठे आणि गुदामे वाढली आहेत, हेही नाकारता येणार नाही. पण त्यावरील उपाय जागा बंद करणे हा नव्हे. पक्का उतार, सांडपाणी अडविणारी नाली, गाळ बसविणारी टाकी आणि वापरलेले तेल साठविण्याची सोय एका सार्वजनिक जागेवर करता येते. तीच कामे चोरून, वीस आडजागी होऊ लागली, तर देखरेख कोण आणि कशी ठेवणार?

कायद्याची स्थिती काय आहे? २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मासळी वाळविण्याच्या व जाळी दुरुस्त करण्याच्या जागा, पारंपरिक नौकाबांधणीच्या जागा यांना ना-विकास क्षेत्रातही मुभा होती. २०१९ च्या अधिसूचनेतही ती आहे. परंतु मुभा असणे आणि आरक्षण असणे यांत महत्त्वाचा भेद आहे. मुभा म्हणजे तेथे नौका बांधता येईल, एवढेच. तेथे दुसरे काही येणार नाही, याची हमी तीत नाही. गायरान, पाणवठा, स्मशानभूमी यांची नोंद जशी गावाच्या दप्तरी असते, तशी नौका ओढण्याच्या जागेची नोंद, तिच्या सीमा आणि उधाणाच्या भरतीची रेषा यांसह, किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांत आणि विकास आराखड्यात झाली पाहिजे. जेथे जागा बदलणे खरोखर अपरिहार्य असेल, तेथे त्याच खाडीत नवी जागा तयार होऊन एक पावसाळा तिचा वापर झाल्याखेरीज जुनी बंद करू नये.

हे काम मंत्रालयातून आपोआप होणार नाही. आराखडे प्रसिद्ध होतात, हरकती-सूचनांची मुदत लागते आणि बहुतेक कोळीवाड्यांना ती संपल्यावर कळते. म्हणून मच्छीमार सहकारी संस्थांनी आराखड्याची वाट न पाहता आपापल्या जागेचा नकाशा आधीच सिद्ध ठेवावा. त्यात किती नौका ओढल्या जातात, कोणत्या तिथीस, किती दिवस, विंच कोणी व कधी बसविला, याची नोंद असावी. वास्तुशास्त्राचे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी या कामी उपयोगी पडू शकतील. फक्त मोजणी जून महिन्यातील उधाणाच्या दिवशी, पावसात उभे राहून करावी लागेल. कारण त्या दिवशी ती जागा रिकामी नसते.