डोंगराच्या ओसरीवर



सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या परतवाड्यात १९१६ साली जन्मलेला एक मुलगा वयाच्या तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने घराबाहेर पडला. पुढे गाडगे महाराजांचा सहवास, वेदान्ताचे अध्ययन, नर्मदेची परिक्रमा असे करीत वर्षानुवर्षे तो फिरत राहिला. ज्याने इतक्या कोवळ्या वयात घर सोडले, त्याला पुढे घर सापडले ते सह्याद्रीत. गोपाळ नीलकंठ दांडेकर म्हणजेच गोनीदा तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले खरे, पण त्यांचे चित्त घाटमाथ्यावरच्या गडकोटांवर, आणि त्यातही राजमाचीवर जडले होते.

राजमाची म्हणजे बोरघाटाचा जुना पहारेकरी. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मधल्या खिंडीत भैरवनाथाचे देऊळ, माचीवर उधेवाडी हे गाव आणि खाली कोंडाण्याची लेणी. गोनीदांची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी या माचीवर घडते. मुंबईत उमर काढलेला एक म्हातारा अखेरीस आपल्या माचीवर परत येतो आणि एकटाच राहू लागतो. कथानक म्हणाल तर एवढेच. पण बुधा एकटा पडत नाही. झाडे, पाखरे, मुकी जनावरे हेच त्याचे गणगोत होते. शहरात माणसांच्या गर्दीत जे मिळाले नाही, ते त्याला दगडधोंड्यांच्या शेजारात मिळते.

मराठी वाचकाला हा बुधा परका वाटत नाही. मावळातून, कोकणातून, साताऱ्याच्या डोंगराळ पट्ट्यातून किती पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, खानावळींत राबल्या. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहूनही ‘घर कुठले?’ असे विचारले की हा माणूस गावाचेच नाव सांगे आणि गावाची खूण म्हणून बहुधा एखाद्या डोंगराचे. मुंबईतल्या खोलीला तो खोलीच म्हणत आला. ‘घर’ हा शब्द त्याने डोंगराकडेच ठेवला होता.

डोंगराजवळ हा विसावा का वाटतो? थंड हवा, हिरवी झाडी, शांतता ही उत्तरे खोटी नाहीत, पण ती पाहुण्याची उत्तरे आहेत. डोंगरात राहणाऱ्याला शांततेचे फारसे कौतुक नसते; त्याला उन्हाळ्यात टाके किती खाली गेले याची काळजी असते. त्याचे घर पाहिले म्हणजे डोंगराशी त्याचे नाते कळते. कारवीच्या काठ्या तोडून आणायच्या, त्यांचा कूड विणायचा, तो शेणामातीने लिंपायचा. ही कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि तेव्हा सारा उतार जांभळा होऊन जातो. वरकस जमिनीवर नाचणी आणि वरई, तेही राब भाजून, रोपे तयार करून, पाठ मोडेस्तोवर लावलेले. रानाच्या वाटेवर शेंदूर लावलेला वाघोबा. घराच्या भिंती डोंगराच्या, ताटातले अन्न डोंगराचे आणि राखणदारही डोंगराचाच. एवढा व्यवहार झाल्यावर मग डोंगर हा देखावा राहत नाही, तो घरातला वडीलधारा होतो.

राजगडाकडे पाहतानाही हे ध्यानात घेतले पाहिजे. शिवछत्रपतींनी मुरुंबदेवाच्या डोंगरावर गड उभारला, त्याचे लष्करी महत्त्व पुष्कळांनी सांगितले आहे. सुवेळा, संजीवनी, पद्मावती या माच्या आणि मधोमध आभाळात गेलेला बालेकिल्ला ही रचना अभ्यासकांना आजही थक्क करते. परंतु राजगड ही नुसती राजधानी नव्हती. सुमारे पाव शतक तो महाराजांचा संसार होता. १६५९ साली सईबाईंनी देह ठेवला तो याच गडाच्या परिसरात. आग्र्याच्या कैदेतून निसटल्यावर १६६६ साली महाराज परतले ते इथेच. १६७० साली राजाराम महाराजांचा जन्म झाला तोही राजगडीच. जिथे जिवलगांचा वियोग सोसला, जिथे पाळणा हलला आणि मरणाच्या दाढेतून सुटल्यावर ज्या दिशेने पाय आपोआप वळले, त्या जागेला घराखेरीज दुसरे कोणते नाव द्यावे? रायगडाचे सिंहासन मोठेच. पण घरपण शोधणाऱ्याने पद्मावती माचीवर घटकाभर बसून यावे.

अलीकडे या घरपणाचा बाजार मांडला गेला आहे, हेही बोलले पाहिजे. घाटाच्या उतारावर यंत्रांनी कडा कापून बंगले उठतात आणि त्यांच्या जाहिरातींत ‘निसर्गाच्या कुशीत’ हे शब्द हटकून असतात. कूस कापून तिच्यात निजण्याची ही तऱ्हा अजब म्हणायची! पावसाळ्याच्या तोंडाशी राजमाचीच्या रानात काजवे चमकतात, ते पाहायला मोटारींच्या रांगा लागतात, आणि त्यांच्या दिव्यांच्या झोतात बिचारा काजवा दिसावा कसा? हौसेला कुणी नावे ठेवू नयेत. पण ओसरीवर बसायला आलेल्याने घरच्या माणसाला तरी विचारावे, एवढी रीत आपल्याकडे होती.

आणि ही घरची माणसे आज मोठ्या संकटात आहेत. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. सकाळी नेहमीप्रमाणे एसटी घेऊन आलेल्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला वार्ता कळली. दीडशेहून अधिक जीव गेले. भातखाचरांसाठी उतार सपाट केल्याने डोंगर खचला, असे तेव्हा काहींनी म्हटले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग गुदरला.

इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी, इर्शाळगडाच्या पोटाशी वसलेली. गडावर जाणाऱ्या किती तरुणांनी तिथल्या ओसरीवर पाणी प्यायले असेल, भाकरी खाल्ली असेल! गोनीदांनी ‘जैत रे जैत’मध्ये ज्या ठाकर समाजाचे आणि लिंगोबाच्या डोंगराचे नाते रंगवले, त्याच समाजाची ही माणसे. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे रस्त्यासाठी डोंगर फोडला म्हणून तो कोसळला, असे इथे म्हणता येत नाही. सह्याद्री लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. काळ्या कातळावर झिजलेल्या दगडमातीचा थर असतो. दिवसरात्र पाऊस कोसळला की पाणी त्या थरात मुरते, माती जड होते, कातळावरची तिची पकड सुटते आणि अख्खा उतार खाली येतो. त्या रात्री तसेच झाले. यंत्रे वर जाऊ शकत नव्हती. परिसरातले गिर्यारोहक आणि आपत्तीनिवारण दलाचे जवान भर पावसात, चिखलात चढून गेले आणि त्यांनी कुदळी-फावड्यांनी ढिगारा उपसला. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने कोसळले. सत्तावीस देह हाती लागले. पन्नासहून अधिक माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. डोंगरानेच त्यांना पोटात घेतले.

अशा वेळी शहरात एक प्रश्न फार सहजपणे विचारला जातो : ही माणसे अशा जागी राहतातच कशाला? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो, पण घराविषयीचे अज्ञान असते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या उताराने पोसले, तो एका रात्रीत वैरी होईल असे कुणाला वाटेल? आईने रागाच्या भरात हात उगारला म्हणून लेकरू घर बदलत नाही. तरीही, जिथे धोका स्पष्ट आहे तिथून माणसे हलविली पाहिजेत, यात दुमत असू नये. भावनेच्या भरात वस्तीला दरडीखाली ठेवणे हा डोंगरप्रेमाचा भाग नव्हे.

मात्र कसे हलवायचे, याचा विचार अपुरा पडतो. माळीणचे नवे गाव २०१७ साली वसले. सिमेंटची घरे, सरळ रस्ते, शाळा, सगळे आले. पण पहिल्याच पावसात रस्ते खचल्याच्या, बांधकामांना तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या. त्या दुरुस्त होण्यासारख्या होत्या. गोठ्याची जागा, शेणखताचा उकिरडा, रानात जाणारी पायवाट, कुलदेवतेचा माळ या गोष्टी मात्र नकाशा आखणाऱ्याच्या कागदावर सहसा येत नाहीत. गुरे कुठे बांधायची, हा प्रश्न घराच्या क्षेत्रफळाइतकाच मोठा असतो, हे ज्याने गुरे पाळली त्यालाच कळते. वस्ती हलवताना गावातल्या चार म्हाताऱ्या बायांना आधी विचारले, तर पुष्कळ चुका टळतील. पाणी कुठे, सरपण कुठे, वारा कुठून येतो हे त्या न अडखळता सांगतात.

इर्शाळवाडीतून वाचलेल्यांना आधी चौकजवळ लोखंडी कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत राहावे लागले आणि पुढे त्याच परिसरात सिडकोने पक्की घरे उभारली. या घरांना कूड नाही, कारवी नाही. भिंत लिंपायचा प्रश्नच नाही. चौकच्या बाजूने मान वर केली की इर्शाळगड दिसतो. सुळका तसाच आहे आणि त्याच्या नेढ्यातून पलीकडचे आभाळही तसेच दिसते. वाडीतली सकाळ पूर्वी त्या डोंगराच्या अंगावर होत असे. आता ती त्याच्याकडे खालून पाहत होते.