कुत्र्यामांजरांचें परदेशगमन

बोर्ली पंचतनचें एखादें कुटुंब विलायतेस बिऱ्हाड हालवितें, तेव्हां माणसांचीं तिकिटें आधीं निघतात आणि ओटीवरच्या कुत्र्याची आठवण शेवटीं होते. तोंवर वेळ निघून गेलेली असते.

परदेशांस भय आहे तें रेबीजचें, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाचें. विलायतेंत पूर्वीं अशा प्राण्यांस सहा महिने विलग ठेवीत. इ. स. २०१२ पासून नियम पाळणाऱ्यांचा तो बंदिवास टळला; मात्र नियमांना वेळ लागतो. प्रथम कातडीखालीं ओळखीची मायक्रोचिप बसवावी, मग लस टोचावी. क्रम उलटल्यास लस हिशेबांत धरीत नाहींत. लशीनंतर निदान ३० दिवसांनीं रक्त तपासणीस द्यावें, आणि तें पुरेसें ठरल्यास रक्त काढल्यापासून तीन महिने थांबावें. १ जानेवारीस लस टोचली, तरी एप्रिल संपेपर्यंत विलायतेंत प्रवेश नाहीं. मांजरासही हेंच लागू. ऑस्ट्रेलिया तर भारतांतून थेट प्रवेशच देत नाहीं.

हे महिने वायां मात्र जात नाहींत. प्रवासाची पेटी ओटीवर उघडी ठेवावी व जेवण तींतच घालावें. प्राण्यास तींत उभें राहतां, वळतां व निजतां आलें पाहिजे. गुंगीचें औषध देऊं नये. उंचीवर तें श्वासास घातक ठरूं शकतें. निघण्यापूर्वीं सरकारी पशुविलगीकरण कचेरीचा दाखला मुंबईस मिळतो.

म्हणून परदेशीं जाण्याचें ठरतांच पहिली फेरी पशुवैद्याकडे व्हावी. नाहीं तर घर राखणारा तो मुका सोबती शेजाऱ्याच्या दारीं बांधून जाण्याची पाळी येते.