मुलाच्या खोडीवरचा उपाय पारखावा कसा?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात वडोदरे येथे एका सेवानिवृत्त शिक्षकांनी दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशी वक्त्याने संस्थेचे गुणगान करावे आणि खाली बसावे, असा प्रघात आहे. तो मोडण्याची परवानगी मी चिटणिसांकडून आधीच घेऊन ठेवली आहे. आपल्या माडीवर भरणाऱ्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाविषयी, आणि त्यातही वर्गात धुडगूस घालणाऱ्या मुलांविषयी मला चार शब्द बोलावयाचे आहेत. अशा मुलांवर उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु सांगितलेला उपाय लागू पडला की नाही, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. मी ३६ वर्षे शिक्षकी केली आणि मीही ती घेतली नाही, हे प्रथमच कबूल करतो.

वास्तविक आपल्या गावाला तरी हे शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ १८९३ साली अमरेली भागात केला आणि सबंध राज्यात ते १९०६ साली लागू झाले. आधी लहान प्रमाणात करून पाहावे, मग पसरावे, हा त्यातील धडा. मुले शाळेत आणून बसविण्याच्या बाबतीत जे धोरण होते, ते बसलेल्या मुलांना वळण लावण्याच्या बाबतीत आपण का ठेवू नये?

आता प्रत्यक्ष हकीकत सांगतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या वर्गात दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. मध्येच ओरडणे, दुसऱ्याची वही ओढणे, जागा सोडून फिरणे, हा त्याचा नित्यक्रम. शिकविणाऱ्या ताई त्याला खाली ओट्यावर पाठवीत. तो बाहेर गेला की वर्ग शांत होई आणि आम्हा सर्वांना वाटे, उपाय चालतो आहे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अखेर त्याचे नाव कमी करावे, असा ठराव कार्यकारी मंडळापुढे आला. मी तीन आठवड्यांची मुदत मागितली. "जित्याची खोड आहे, मास्तर," असे एक सभासद म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे होते असे मी म्हणत नाही. ते तपासलेले नव्हते, इतकेच.

त्या तीन आठवड्यांत मी काय केले? पहिला आठवडाभर काहीही केले नाही. कोपऱ्यात बसून फक्त मोजले. सदऱ्याच्या उजव्या खिशात वीस चिंचोके ठेवले आणि मुलगा ओरडला किंवा जागेवरून उठला की एक चिंचोका डाव्या खिशात. पहिल्या दिवशी वीस चिंचोके पुरले नाहीत.

आपण विचाराल, उपाय तातडीचा असताना आठवडा फुकट का दवडावा? त्याचे कारण असे. आपण मुलाला शिक्षा करतो ती त्याचा उच्छाद अगदी शिगेला पोहोचतो त्या दिवशी. पण शिगेला पोहोचलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी बहुधा आपोआपच खाली येते. मुदतीने उतरणाऱ्या तापाचे श्रेय शेवटी घेतलेल्या पुडीला मिळावे, तसे त्या उताराचे श्रेय छडीला मिळते. म्हणून उपायापूर्वीचा आकडा हाती नसेल, तर उपायानंतरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

मोजणीचे हे खूळ माझे नव्हे. अमेरिकेतील अभ्यासकांनी १९६८ च्या सुमारास वर्गावर्गांत जाऊन हेच काम केले. मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात एक साधी गोष्ट पाहिली. बाईंनी "खाली बसा" हे जितके अधिक वेळा म्हटले, तितकी मुले अधिक उभी राहू लागली! बाई म्हणाल्याबरोबर मूल बसे. त्यामुळे बाईंना वाटे, आपला शब्द चालला. पण उभे राहिले की बाईंचे लक्ष मिळते, हे मुलांनी ओळखले होते. त्याच मंडळींनी दुसऱ्या प्रयोगात असेही दाखविले की, नुसते नियम सांगून फारसा फरक पडत नाही. नीट बसलेल्या मुलाची वेळच्या वेळी वाहवा केली आणि बारीकसारीक खोड्यांकडे काणाडोळा केला, तेव्हा फरक पडला.

पुढे १९६९ साली बॅरिश, साँडर्स व वुल्फ यांनी चौथीच्या २४ मुलांच्या एका वर्गात एक खेळ लावला. वर्गाचे दोन गट केले. कोणी मध्येच बोलले किंवा जागा सोडली, की त्याच्या गटापुढे फळ्यावर एक खूण. ज्याच्या खुणा कमी, तो गट जिंकला. दोन्ही गटांच्या खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर दोघेही जिंकले. बक्षीस साधेच, म्हणजे जेवणाला आधी रांग लावणे, शेवटी थोडा मोकळा वेळ, असे. खेळ मोठा गमतीचा, पण मला महत्त्वाची वाटते ती त्याची पारख. त्यांनी तो प्रथम फक्त गणिताच्या तासाला लावला. वाचनाचा तास जसाच्या तसा ठेवला. गणितात गोंगाट उतरला, वाचनात उतरला नाही. मग गणितातला खेळ काढून तो वाचनाला लावला. गणितात गोंगाट परत आला आणि वाचनात उतरला. अखेर दोन्ही तासांना लावला, तेव्हा दोन्हीकडे शांतता झाली. मुले तीच, बाई त्याच. बदलला तो फक्त खेळ. याला म्हणतात पुरावा.

मात्र त्याच प्रयोगात एक गोष्ट घडली, ती संस्थाचालकांनी विसरू नये. दोन मुलांनी "आम्ही खेळत नाही" म्हणून सांगितले. त्यांच्यापायी सबंध गटाला दंड नको, म्हणून त्यांना खेळातून आणि मोजणीतूनही वगळण्यात आले. आकडे चांगले दिसले. पण ज्यांच्यासाठी उपाय हवा होता, त्यांपैकी दोघे आकड्यांच्या बाहेर राहिले. आपण एखाद्या मुलाचे नाव पटावरून कमी करतो तेव्हाही वर्ग सुधारल्यासारखा दिसतो, तो असाच.

आता आमच्या मुलाकडे वळतो. चिंचोके मोजताना वेळही टिपली होती. आठवडाअखेर वही पाहिली तेव्हा असे दिसले की, त्याचा बहुतेक दंगा गणिते घातल्यावरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत होई. गोष्टीच्या वेळी, पाढ्यांच्या वेळी तो जवळजवळ नसेच. मग मी त्याला जवळ घेऊन एक वजाबाकी घातली. हातचा घेणे त्याला येतच नव्हते. दंगा केला की ताई ओट्यावर पाठवीत. ओट्यावर आपला तो जुना झोपाळा आहे. थोडक्यात, ज्याला आम्ही शिक्षा म्हणत होतो, तिने त्याची वजाबाकी चुकत होती आणि झोपाळा मिळत होता. त्याच्या जागी मी असतो, तर मीही ओरडलो असतो.

दुसऱ्या आठवड्यापासून दोनच गोष्टी केल्या. ओट्यावर पाठविणे बंद. आणि गणिते घालण्यापूर्वी दहा मिनिटे मोठ्या वर्गातील एका मुलीने त्याच्याजवळ बसून हातच्याची उदाहरणे करवून घेणे. माझ्या डोळ्यांत माया शिरली असेल आणि चिंचोके कमी पडत असतील, या भीतीने मी आणखी एका स्वयंसेवकालाही वेगळे मोजावयास सांगितले. दोघांच्या संख्या जुळत्या निघाल्या. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस उजवा खिसा जवळजवळ भरलेला राहू लागला. मध्यंतरी ती मुलगी दोन दिवस आली नाही, तेव्हा दंगा वाढला. ती आली, पुन्हा उतरला. ठराव मागे घेण्यात आला. मुलगा आजही खोडकर आहे, पण वर्गात आहे.

एका मुलाच्या हकीकतीवरून शास्त्र बनत नाही, हे मी जाणतो. तो खेळ बाल्टिमोर शहरात १९८५ साली पहिलीच्या वर्गांना लावला गेला. कोणत्या वर्गाला लावावा, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरविले. ती मुले १९ ते २१ वर्षांची झाल्यावर पाहिले, तर लहानपणी फार दांडगी असलेल्या मुलग्यांत व्यसनाधीनता कमी आढळली. उलट इंग्लंडमध्ये ७७ प्राथमिक शाळांत त्याच खेळाची चाचणी झाली आणि २०१८ साली निष्कर्ष आला, की एकंदर मुलांच्या वाचनात वा वागणुकीत फरक दिसला नाही. म्हणजे एका गावचे औषध दुसऱ्या गावी चालेलच असे नाही. म्हणूनच ते आपल्या माडीवर चालते का, हे आपणच मोजले पाहिजे.

शेवटी एक सांगावयाचे राहिले. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी एका मुलाला वारंवार छडी मारीत असे. त्या काळी त्यात कोणाला वावगे वाटत नसे. आज २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी आहे. तो मुलगा वर्गात गप्प बसू लागला आणि मी माझी पाठ थोपटली. काही महिन्यांनी तो शाळेत यायचाच थांबला. तो गप्प बसला हे मी मोजले. तो शिकला काय, हे मोजलेच नाही. आज तो कुठे आहे, मला ठाऊक नाही.

म्हणून या शुभप्रसंगी विश्वस्त मंडळींपुढे माझी एकच विनंती. यापुढे कोणत्याही मुलाचे नाव कमी करण्याचा ठराव आला, तर त्याच्याबरोबर तीन आठवड्यांची वही जोडलेली असावी. मूल केव्हा दंगा करते, त्याआधी काय घडते, नंतर त्याला काय मिळते आणि आपण कोणता उपाय करून पाहिला, एवढे त्यात असले म्हणजे पुरे. वहीला खर्च नाही, आणि चिंचोके आमच्या घरी भरपूर आहेत.