नोटेवरचे जांभळाचे झाड



नागपुरातील संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची भव्य इमारत उभी आहे. तिच्यासमोरून सारेच जातात. परंतु नोटेकडे मोजण्यापलीकडे क्वचितच कोणी पाहतो. भारतीय नोटेचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो. कापड हाताळणाऱ्याला ते चिमटीतच कळावे. नोट बनविण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. ती मिळविण्यासाठी मात्र झाडे तुटतात.

1996 पासून आलेल्या दहाच्या नोटेवर गेंडा, हत्ती आणि वाघ होते. शंभराच्या नोटेवर हिमालय होता. 2001 मध्ये विसाच्या नोटेवर अंदमानचा माउंट हॅरिएट आणि माडांची झाडे आली. पुढे 2018 मध्ये दहाच्या नव्या नोटेवर कोणार्कचे सूर्यमंदिर व शंभराच्या नोटेवर पाटणची राणी की वाव, तर 2019 मध्ये विसाच्या नोटेवर वेरूळची लेणी विराजमान झाली. वेरूळ जैनांनाही प्रिय; तेथे जैन लेणी आहेत. तथापि तीन नोटांवरून रान उतरले, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानी आली? 2021 मध्ये अजनीची वृक्षराजी वाचविण्यासाठी नागपूरकर रस्त्यावर उतरले, तेव्हाही खिशातल्या नोटेची आठवण कोणास झाली नसावी.

वृक्षतोडीची जाणीव देणारी नोट कल्पावयाची झाल्यास तिचे चित्र जैन परंपरेत तयारच आहे. पाठशाळेतील मुलांना ते ठाऊक असते. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. पहिला झाड मुळासकट उपटू पाहतो, दुसरा खोड तोडू म्हणतो, तिसरा मोठ्या फांद्या, चौथा डहाळ्या. पाचव्याला केवळ फळे तोडावयाची असतात आणि सहावा खाली पडलेली वेचतो. कृष्ण, नील, कापोत, पीत अथवा तेजो, पद्म आणि शुक्ल अशा या सहा लेश्या. योगायोग असा की, 10, 20, 50, 100, 200 आणि 500 या चलनातील प्रमुख नोटाही सहाच! मुलांनी ही चित्रे मोठ्या कार्डशीटवर काढावीत. खऱ्या नोटेशी साम्य असलेले काही छापणे हा गुन्हा आहे, हेही त्यांना सांगावे.

खरा प्रश्न कोणती लेश्या कोणत्या नोटेवर, हा आहे. श्रेष्ठ लेश्या पाचशेला द्यावी, असे प्रथम मनात येते. पण मग झाड उपटणारा दहाच्या नोटेवर जाईल. गोंदिया-गडचिरोलीच्या रानात पहाटे झाडाखाली पडलेली मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या हाती ती नोट ठेवणे हा धडधडीत अन्याय होय! ती तर साक्षात सहावा वाटसरू आहे. जंगल मुळापासून उपटण्यास मोठी रक्कम लागते. म्हणून दहावर शुक्ल आणि पाचशेवर कृष्ण, हाच क्रम न्याय्य ठरतो.

व्यापारी समाजास हा क्रम रुचणे कठीण आहे. कारण गल्ल्यात, तिजोरीत आणि पर्युषणातील बोलीनंतर पेढीवर जमा होणाऱ्या रकमेत पाचशेच्याच नोटा अधिक असतात. मुलांची ती सहा चित्रे भांडाराच्या पेटीवरच लावावीत. पैसे टाकताना प्रत्येकाने आपल्या हातातली नोट कोणत्या वाटसरूची, ते पाहावे.