डिस्कचे विभाग लहान-मोठे करणें



संगणकाच्या डिस्कवर जागा रिकामी असते आणि तरीहि ‘जागा संपली’ अशी सूचना पडद्यावर येते, हा अनुभव आज पुष्कळांच्या परिचयाचा आहे. डिस्क एकच, परंतु तिचे विभाग अनेक. त्यांतील एक ओस पडलेला आणि दुसरा तुडुंब भरलेला. रिकामी जागा एका विभागांतून काढून दुसऱ्यास जोडतां येते. मात्र त्या कामांतील पावलांचा क्रम चुकला, तर वर्षानुवर्षें जमविलेलीं छायाचित्रें, हिशेब आणि हस्तलिखितें हातचीं जातात. तो क्रम कोणता आणि तोच कां, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम दोन गोष्टी निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत. डिस्कच्या आरंभीं विभागांची एक यादी असते. आयबीएम कंपनीनें १९८३ सालीं पीसी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर जी पद्धति रूढ केली, तींत ही यादी अवघ्या ६४ बाइटांची असून तींत चारच नोंदींस स्थान होतें. अलीकडील जीपीटी पद्धतींत सामान्यतः १२८ विभागांची सोय असते व यादीची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेविलेली असते. यादी मोठी असो वा लहान, विभाग कोठून कोठपर्यंत आहे, हेंच तींत मुख्यतः लिहिलेलें असतें. विभागाच्या पोटांत कोणती फाइल कोणत्या ठिकाणीं आहे, याची नोंद निराळी व्यवस्था ठेवते. तिला फाइलसिस्टिम म्हणतात. यादी म्हणजे तलाठ्याच्या दप्तरांतील उतारा. फाइलसिस्टिम म्हणजे शेतांतील प्रत्यक्ष वहिवाट. उताऱ्यावरील आंकडा खोडला म्हणून शेतांतील पीक आपोआप सरकत नाहीं.

यावरूनच नियम निघतो. विभाग लहान करावयाचा असल्यास आधीं फाइलसिस्टिम आंखडावी, मग विभागाची सीमा आंत घ्यावी. मोठा करावयाचा असल्यास आधीं सीमा वाढवावी, मग फाइलसिस्टिम पसरावी. उलट केलें तर काय होतें? सीमा आधीं आंत घेतली कीं फाइलसिस्टिमच्या ताब्यांतील शेवटची जागा सीमेबाहेर पडते; तेथें नवा विभाग घडविला गेला, कीं जुन्या फाइलींवर नवें लेखन होतें, आणि मग पश्चात्तापावांचून हातीं कांहीं उरत नाहीं. जीपार्टेडसारखीं साधनें हा क्रम स्वतःच पाळतात. आज्ञा हातानें लिहिणाऱ्यानें मात्र तो विसरतां कामा नये.

फाइलसिस्टिमांचे स्वभावहि सारखे नाहींत. लिनक्सवरील ईएक्सटी४ चालू असतांना वाढवितां येते, पण लहान करावयाची तर ती वापरांतून उतरवून तपासून घ्यावी लागते. एक्सएफएस वाढते, परंतु ती लहान होत नाहीं असेंच समजून चालावें. विंडोजची एनटीएफएस आंखडण्याची सोय व्हिस्टापासून विंडोजमध्येंच आहे. तथापि कांहीं फाइली जागच्या हलत नाहींत, आणि म्हणून रिकामी जागा पुष्कळ दिसली तरी कधीं कधीं थोडीच सुटते.

जागा कोणत्या बाजूस आहे, हेंहि पाहिलें पाहिजे. मोकळी जागा विभागाच्या लगत पुढें असेल, तर काम थोड्या वेळाचें. ती मागें असेल, तर विभागाचा आरंभच मागें सरकवावा लागतो, म्हणजे आंतील सर्व माहिती नव्या ठिकाणीं उतरवून घ्यावी लागते. यास कित्येक तास लागूं शकतात, आणि मध्येंच वीज गेली तर माहिती अर्धी इकडे व अर्धी तिकडे अशी राहते. म्हणून लॅपटॉप विजेला जोडून, किंवा टेबलावरील संगणकास यूपीएस लावूनच हें काम आरंभावें.

शेवटीं सांगतों, पण करावयाचें सर्वांच्या आधीं: माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागांत ठेविलेली प्रत भरंवशाची नव्हे. यादीच बिघडली तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच दिसेनाशीं होतात. प्रत घेतल्यावर तींतील चार फाइली उघडून पाहाव्या. न पाहिलेल्या प्रतीवर विसंबून सीमा हलवूं नये. एवढी दक्षता घेतली, कीं ओस पडलेली जागा उपयोगांत आणणें हें कोणाहि सामान्य मनुष्यास साधण्याजोगें काम आहे. नवी डिस्क विकत घेण्यापूर्वीं तें अवश्य करून पाहावें.