दृष्टि आहे तोंवर

श्रोतेहो, शेंदूरजनाघाटच्या शाळेंत मीं हिमालय शिकविला तो नकाशावर छडी टेकून. प्रत्यक्ष पाहिला साठी उलटल्यावर. आम्हां चौघां मित्रांपैकीं एकाची दृष्टि काचबिंदूनें मंदावत चालली होती. म्हणून, पैसा बेताचा असूनही, आम्हीं नेपाळचें जाणें लांबविलें नाहीं.

नागपूरहून गोरखपूरपर्यंत आगगाडीचा साधा डबा, पुढें सुनौलीपर्यंत मोटार आणि सीमा मात्र पायीं! भारतीयांस तेथें पारपत्र लागत नाहीं, मतदार-ओळखपत्र पुरतें. आपल्या १०० रुपयांचे तेथें १६० होतात. पण हात सैल सोडूं नये, भावही तेथल्याच रुपयांत असतात. पाट्या बहुधा देवनागरींत, त्यामुळें परकेपणा वाटत नाहीं. घड्याळ तेवढें १५ मिनिटें पुढें करावें.

बुटवलमार्गें आम्हीं पोखरा गांठलें. कार्तिकांतलें निवळ आकाश. पहांटे सारंगकोटच्या टेकडीवर उभे राहिलों. ६,९९३ मीटर उंचीचें माछापुच्छ्रे शिखर उजळलें. मीं मित्रास वर्णन करून सांगूं लागलों, तोंच तो म्हणाला, "मास्तर, सांगू नका, दिसून राह्यलं मले."

माझी छडी त्या दिवशीं खऱ्या अर्थानें खालीं ठेवली गेली. श्रोतेहो, पैसा थोडकाही पुरतो. दिवस तेवढे पुरत नाहींत.